टेकडीकडे तोंड करून

मोरोपंतांनी भाडेकरूचं पोस्टकार्ड वाचलं आणि ठरलेलं लग्न मोडायला धारहून देवासची बस पकडली. भाडेकरूचं पत्र वाचणं त्यांना गैर वाटत नसे. पोस्टकार्ड उघडंच असतं, आणि इतकी वर्षं शाळेत वह्या तपासलेल्या माणसासमोर कागद आला की डोळे आपोआप चालतात.

भाडेकरू होता भगवंत. कार्ड लिहिलं होतं त्याचा देवासचा मित्र रत्नाकर यानं, आणि याच रत्नाकरशी मोरोपंतांच्या मुलीचं, विनोदिनीचं, लग्न ठरलं होतं. मजकूर असा: 'मुंबईहून कंट्री आली. तीन मागवल्या होत्या, एक वाटेत फुटली. एक लगेच लावली. आधी काही वाटलं नाही, पण दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. तुझी ठेवली आहे. रविवारी ये, दार लावून बसू.'

मोरोपंतांना कंट्री म्हणजे देशी दारू, एवढंच ठाऊक होतं. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या गाण्यांनाही कंट्री म्हणतात, आणि त्यातली जी खुद्द खेड्यातल्यांनाही फारशी आवडत नाहीत त्यांना अल्टरनेटिव कंट्री म्हणतात, हे १९९८ साली सगळ्या माळव्यात दोघांनाच माहीत असावं: रत्नाकरला आणि भगवंतला. एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात मागं कण्हतं ते कुत्रं की माउथऑर्गन, यावर दोघं आठ महिने वाद घालत होते. भगवंत कुत्र्याच्या बाजूनं होता.

मोरोपंतांनी घरात सांगितलं की मोहनखेड्याला देवदर्शनाला जातो. देवासला पोचल्यावर त्यांनी आधी शेजारी चौकशी केली. शेजारी म्हणाले, मुलगा सज्जन आहे, फक्त रविवारी धारचा दोस्त येतो, दार बंद होतं, आणि दोघं बाहेर येतात तेव्हा चेहरे उतरलेले असतात. मोरोपंतांना आणखी काही ऐकायची गरज वाटली नाही.

रत्नाकर घरी होता. त्याची आई, माई, कोपऱ्यात मेथी निवडत होती. मोरोपंतांनी पाण्यालाही हात लावला नाही.

"तुमचं ते कंट्रीचं कळलं मला."

रत्नाकरचा चेहरा उजळला. आजवर कोणी आपण होऊन हा विषय काढला नव्हता. "भगवंत बोलला का, काका? मी छुपवत नाही पण. सगळ्या कॉलनीला माहीत आहे."

"कधीपासून?"

"फॅक्टरीत एक अमेरिकन इंजिनियर आला होता, त्यानं लत लावली. जाताना बारा सोडून गेला."

"रोज?"

"सकाळी एक. त्याशिवाय ड्यूटीवर मन नाही लागत."

"आणि या माउली हे बघत बसतात?"

"माई पहिले चिडायची. आता भाजी निवडता निवडता तिला पण चालते थोडी."

मोरोपंतांनी माईंकडे पाहिलं. माईंनी मान डोलावली.

"उद्या माझी मुलगी या घरात येणार," मोरोपंत म्हणाले. "तिनं काय करायचं?"

"जबरदस्ती नाही, काका. सुरुवातीला हळूच ठेवीन."

मोरोपंत उठून उभे राहिले. म्हणाले, कंट्री तरी ठेवा नाही तर विनोदिनी तरी, दोन्ही मिळणार नाही.

या गाण्यांचा लोकांना कंटाळा येतो याची रत्नाकरला सवय होती, पण लग्न मोडण्याइतका राग त्यानं पाहिला नव्हता. विनोदिनीला तो दोनदाच भेटला होता. दुसऱ्या भेटीत त्यानं तिला एक गाणं सांगितलं: माणसाची बायको जाते, मग ट्रक जातो, शेवटी कुत्रं जातं. बाकी सगळे इथे हसत. तिनं विचारलं होतं, "कुत्रं कुठे गेलं पण?" तेव्हापासून त्याला झोप नव्हती.

"सोडतो," तो म्हणाला.

"असं नाही. त्या खिडकीतून देवीची टेकडी दिसते, तिच्याकडे तोंड करून म्हणा. आजपासून मी कंट्री घेणार नाही."

रत्नाकर खिडकीशी गेला, टेकडीकडे हात जोडले आणि शब्दन् शब्द म्हणाला. मोरोपंतांना वाटलं, मनानं पोरगा चांगला आहे.

"आता घरात उरलीसुरली असेल ती मोरीत ओता."

"ओतू कशी, काका?" रत्नाकरनं आतून मुंबईहून आलेल्या दोन्ही तबकड्या आणल्या आणि त्यांच्या हातात ठेवल्या.

मोरोपंतांनी तबकडी उलटसुलट पाहिली. मग खिशातलं कार्ड काढून पुन्हा वाचलं. मग पाणी मागितलं.

सगळा उलगडा झाल्यावर त्यांनी तीनदा माफी मागितली आणि शपथ मागे घ्या म्हणाले. माई मात्र अडल्या. देवीसमोर गेलेला शब्द परत येत नाही. रत्नाकर तबकड्यांवरची धूळ पुसत बसला. तेव्हा माईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"तो 'घेणार नाही' म्हणालाय. 'ऐकणार नाही' असं कुठे म्हणालाय? आता विकत घेणं त्याला बंद." त्यांनी मोरोपंतांकडे सावकाश पाहिलं. "सासऱ्यानं आणून दिली, तर देवी काही म्हणायची नाही."

लग्न वेळेवर झालं. तेव्हापासून दर सणाला धारहून मुंबईच्या तबकडीवाल्या दुकानदाराला मोरोपंतांच्या मोत्यासारख्या अक्षरात कार्ड जाऊ लागलं: 'जावई व मुलगी यांच्यासाठी दोन कंट्री पाठवणे. गेल्या खेपेपेक्षा जुन्या असाव्यात.'

तिसऱ्या दिवाळीला पोस्टमननं, जो त्यांचाच विद्यार्थी होता, कार्ड हातात घेऊन त्यांना बाजूला नेलं.

"मास्साब, आप? और बेटी को भी?"

"अरे भिया, वो वाली नहीं," मोरोपंत घाईनं म्हणाले. "ये अल्टरनेटिव है."

पोस्टमननं कार्ड थैलीत टाकलं. "शुरू-शुरू में सब ये-ई बोलते हैं, मास्साब."