ठक झालं की पुढचं उत्तर

"मी पढवलेला दगडसुद्धा मुलाखतीत पास होतो!" सासऱ्यांनी टेबलावर पट्टी आपटून जाहीर केलं.

"मग काळजीच मिटली," भाजी निवडता निवडता त्यांची लेक म्हणाली. "दगड घरात तयारच आहे."

तो दगड, म्हणजे जावईबापू, समोर हाताची घडी घालून बसले होते. नोकरी सुटून बरेच महिने झालेले. आता कुठे पाणीपुरवठा कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि बायकोनं निक्षून सांगितलं, "ही संधी हुकली, तर सोमवारपासून माझ्या भावाच्या गाद्यांच्या दुकानात!" मेहुण्याच्या हाताखाली गाद्या झटकायच्या, या नुसत्या कल्पनेनंच बिचाऱ्यांना शिंका येत.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. उभा जन्म पाढे घोकून घेण्यात गेलेला. त्यांचं म्हणणं असं, की मुलाखतीचे प्रश्न ठरलेले असतात, तेही ठरलेल्या क्रमानं. मग ऐकत कशाला बसायचं? पट्टी वाजली की पुढचं उत्तर! आवाज मऊ, चेहरा हसरा, आणि सुरुवातीला न चुकता "फार चांगला प्रश्न विचारलात."

गुरूची थट्टा करू नये; पण विद्येचा असर असा झाला, की एका सकाळी बायकोनं ओट्यावर झारा ठक्कन ठेवून विचारलं, "अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करता का?"

"फार चांगला प्रश्न विचारलात. संकटात मी नेहमी शांत राहतो."

ते राहिले. दूध राहिलं नाही!

मुलाखतीच्या दिवशी टेबलापलीकडे तिघं बसली होती. मधल्या मोठ्या साहेबीणबाईंच्या हातात जाडजूड पेन. बाईंना एकच खोड होती. बोलणं संपलं, की पेन टेबलावर आपटायचं.

"या. आधीची कंपनी बंद कशी पडली?" ठक!

"फार चांगला प्रश्न विचारलात. सगळ्यांना सोबत घेऊन जाणं, हेच माझं बलस्थान."

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. जावईबापूंच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी समोरचा ग्लास उचलला.

"अहो, तो माझा ग्लास आहे! ठेवा खाली!" ठक!

"फार चांगला प्रश्न विचारलात. एकदा हाती घेतलेलं मी सोडत नाही, एवढीच काय ती माझी कमजोरी."

तेवढ्यात शिपाई डोकावला. "बाई, फाटकात कुणाची तरी स्कूटर आडवी आहे. टँकर अडकलाय!"

"तुमची का हो? किती वेळ राहणार आहे तिथे?" ठक!

"फार चांगला प्रश्न विचारलात. येती पाच वर्षं तरी मी कुठे हलणार नाही!"

खोलीत चिडीचूप. पाठ केलेलं सगळं संपलं होतं, आणि आत्ता कुठे जावईबापूंच्या कानात ते प्रश्न शिरले. नाकात कापूस गेल्यासारखं झालं. त्यांनी खच्चून शिंक दिली आणि हात जोडून उठले.

"थांबा!" बाई म्हणाल्या. "सोमवारपासून या. तक्रारींच्या खिडकीवर."

"पण बाई, मी तर एकाही प्रश्नाला धड उत्तर..."

"तेच तर! आधीचा माणूस प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा, वर पाणी सोडायची व्यवस्थाही करायचा. अख्खं गाव तक्रार घेऊन यायला लागलं! तुम्ही मात्र आम्हा तिघांना गप्प केलंत, तेही हसतमुखानं. आणि ती स्कूटर काढा आधी!"

घरी सासऱ्यांनी पट्टी खांद्यावर ठेवून, गदा मिरवावी तशी मिरवली. "म्हटलं नव्हतं? दगडसुद्धा!"

सोमवार उजाडला. खिडकी उघडते न उघडते, तोच सर्वांत पुढे रिकामी बादली घेऊन दस्तुरखुद्द बायको!

"अहो, तुम्ही निघालात आणि नळच गेला! बाबा अंगभर साबण लावून मोरीत उभे आहेत. पाणी कधी येणार?" आणि तिनं बादली खिडकीच्या फळीवर आदळली.

ठक!

जावईबापूंचा चेहरा आपसूक हसरा झाला.

ती बादली हलवत घरी परतली. मोरीतून, डोळे घट्ट मिटलेल्या सासऱ्यांनी आवाज दिला, "काय गं, काय म्हणाले जावईबापू?"

"तुम्ही शिकवलेलं, बाबा! एक अक्षर चुकले नाहीत!"