दोन सह्यांचा विभाग

"तू घोर लावून घेऊ नको," डब्याचं झाकण उघडता उघडता बाहुबली मगदूम प्रसेनजीत कांबळेला म्हणाले. "दोन्ही आयएसओंची अशी गाठ मारतो, की सोडवता सोडवता मालकांच्या तोंडाला फेस येईल. माझा दर्जा कुठं संपतोय आणि तुझं पर्यावरण कुठं सुरू हुतंय, कुणाच्या बापाला कळायचं न्हाय. मग काढतील कुणाला?"

एवढं बोलून त्यांनी दोडक्याच्या भाजीला भाकरी लावली. भाजी प्रसेनजीतच्या घरची, हुपरीची. त्याची बायको निशा रोज दोन डबे भरायची. एक नवऱ्याचा, आणि एक कांदा-लसूण न घातलेला, अण्णांचा. अण्णा म्हणजे हेच बाहुबली. चार वर्षं हा रतीब चालू होता आणि अण्णांच्या घरचा डबा चार वर्षं वॉचमनच्या पोटात जात होता.

आता घोर कशाचा, ते सांगतो. गोष्ट २००५ सालची. गोकुळ शिरगावच्या त्या फौंड्रीत पंपांचे भाग ओतले जायचे. अण्णा तिथं अठरा वर्षं दर्जा बघत होते. प्रसेनजीत बघायचा पर्यावरण, म्हणजे चिमणीचा धूर, हवेतली धूळ, साच्यांची वापरून झालेली वाळू. दोन्हींची आयएसओ प्रमाणपत्रं वेगवेगळी. पोरगा हुशार, पण वर्षावर्षाच्या करारावरचा. 'पुढच्या मार्चला कायम करतो' हे त्यानं चार मार्च ऐकलेलं. त्यात निशाला सहावा महिना. आणि नेमकं अशात मालक गणपतराव कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले.

"दोन आयएसओ, दोन मॅन्युअल, दोन ऑडिट. कशापायी?" ते म्हणाले. "सगळ्या कंपन्या एकत्र करायल्यात. तुम्हीबी करा. मग बघू, एका माणसात भागतंय का."

एका माणसात भागलं तर जाणार कोण, हे भट्टीवरच्या केरबालासुद्धा कळत होतं.

अण्णा इरेला पेटले. दोन मॅन्युअलांचं एक केलं, दोन विभागांचा एक विभाग केला, आणि प्रत्येक फॉर्मवर दोन सह्यांचे रकाने आखले. ओतलेलं कास्टिंग नापास झालं, की दर्जाची सही. आणि ते पुढं जाणार कुठं, म्हणून पर्यावरणाची सही. वाळूची ट्रॉली टाकायची, तर पर्यावरणाची सही. आणि वाळू खरंच वाया गेली का, म्हणून दर्जाची. दोघांच्या केबिनींमधली भिंतही पाडून टाकली. तिच्या विटा आठ दिवस व्हरांड्यात पडून होत्या, कारण पाडलेली भिंत हा नापास माल की घनकचरा, यावर फॉर्म अडला होता. येणाराजाणारा त्या विटांना ठेचकाळत होता आणि अण्णा तो अडलेला फॉर्म कौतुकानं सगळ्यांना दाखवत होते.

"बघा. ठरवता येतंय काय? न्हाय न्हवं? झालं तर मग."

एक दिवस केरबा भट्टी सोडून केबिनीत आला. "साहेब, मुताय जायाचं म्हटलं तरी दोन सह्या लागणार काय?"

अण्णांनी क्षणभर विचार केला आणि डायरीत टिपून घेतलं.

शेवटी राहिला कौशल्याचा तक्ता. कोणाला कुठलं काम किती येतं, ते त्यात गोल काढून दाखवायचं. गोलाचे चार पाव. एक पाव काळा केला म्हणजे माणसाला ते काम नुसतं ऐकून माहीत आहे. चारही पाव काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवण्याइतकं येतं. अण्णांनी पेन घेतलं आणि प्रसेनजीतच्या सगळ्या कामांसमोर स्वतःचे गोल डांबरासारखे काळे करून टाकले.

"अण्णा, तुमास्नी धूळ मोजायचं यंत्र चालू तरी करता येतंय काय?"

"तक्ता काय यंत्र चालवून दाखव म्हणतोय? गाठ घट्ट बसाय पायजे. तुझेबी भर सगळे."

"माझे दोनच पाव भरा," प्रसेनजीत म्हणाला. "दर्जातलं मला तेवढंच येतंय."

जूनमध्ये पुण्याच्या ऑडिटर बाई आल्या. दोन दिवस त्यांनी सगळं चाळलं आणि शेवटच्या बैठकीत म्हणाल्या, "इतकं एकजीव झालेलं काम मी अजून कुठं पाहिलं नाही."

अण्णांनी टेबलाखालून प्रसेनजीतच्या गुडघ्यावर थाप मारली.

"फक्त एक सांगा," बाईंनी पान उलटलं. "अंतर्गत तपासणी कोणी केली?"

"मी ह्याची केली, ह्यानं माझी केली," अण्णा म्हणाले. चार वर्षं तपासणी अशीच व्हायची, एका विभागानं दुसऱ्याची करायची.

"पण आता दोन विभाग कुठं आहेत? विभाग एक, प्रत्येक कागदावर दोघांच्याही सह्या. म्हणजे तुम्ही स्वतःचंच काम तपासलंत. नियमात हे बसत नाही."

गणपतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना एवढी सोपी गोष्ट बऱ्याच दिवसांत कोणी सांगितली नव्हती.

"विभाग एक, तर माणसं दोन कशापायी? एकाला कमी करू की. तपासायला वर्षातनं दोन दिवस बाहेरचा माणूस बोलवू. भागलं."

"पण पर्यावरणाचं काम येणारा माणूस आत लागेल," बाई म्हणाल्या.

"हाय की." गणपतरावांनी तक्ता पुढं सरकवला. "हे बघा, मगदुमांचे समदे गोल काळे."

बाईंनी तक्ता पाहिला, मग अण्णांकडं पाहिलं. "तुम्हाला हे सगळं येतं ना?"

गाठ अशी सुटली. फेस सोडा, मालकांच्या कपाळाला घामसुद्धा आला नाही. आणि आता एका शब्दाचं काम होतं. 'न्हाय' म्हटलं की प्रसेनजीत वाचत होता. पण 'न्हाय' म्हटलं की तक्ता खोटा ठरत होता, प्रमाणपत्र जात होतं, आणि खोटा तक्ता करणारा अठरा वर्षांचा माणूस फाटकाच्या बाहेर. अण्णांच्या डोळ्यांपुढं मुलगी आली, आदिती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. प्रसेनजीत शेजारीच बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. तो टेबलाकडं बघत राहिला.

"येतं," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. बैठकीत निघालेला दोष दूर कसा केला, ते लेखी द्यायचं होतं. अण्णा कागद घेऊन बसले, पण पेन चालेना. शेवटी प्रसेनजीतच सांगत गेला आणि अण्णा लिहीत गेले. 'एक पद कमी करण्यात आले.' मधे त्यानं एक ऱ्हस्व-दीर्घही दुरुस्त केलं.

"तू बोलला का न्हाईस रे?" अण्णांनी विचारलं.

"बोललो असतो तर दोघंबी गेलो असतो, अण्णा. तक्त्यावर माझीबी सही हाय. लिवा पुढं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अण्णांना आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची लाज त्या दिवशी वाटली.

नोटिशीचा एक महिना हातात होता. तो महिना प्रसेनजीत घरी बसून काढू शकला असता. पण तो रोज आला आणि अण्णांना काम शिकवू लागला. आणि अण्णा म्हणजे काय विद्यार्थी! धूळ मोजायची म्हणजे गाळणीच्या कागदाचं आधी वजन करायचं, तो यंत्रात लावायचा, आठ तास हवा ओढू द्यायची, आणि मग परत वजन करायचं. जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ. अण्णांनी पहिल्यांदा कागद उलटा लावला. दुसऱ्यांदा काढताना त्याचा कोपरा फाडला, आणि हवेतली धूळ शून्याच्याही खाली गेली.

"आपली फौंड्री हवा धुवायला लागली," प्रसेनजीत हसत म्हणाला. अण्णाही हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. निशाचा बिनलसणाचा डबा रोज येतच होता.

शेवटच्या दिवशी अण्णांनी सगळं एकट्यानं केलं. प्रसेनजीतनं आकडा तपासला, पुन्हा तपासला आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"बसलं की, अण्णा. आता तक्त्यात खोटं कायबी न्हाय."

साडेपाचच्या हुपरी गाडीला वीस मिनिटं होती. त्यानं पिशवी खांद्याला लावली. अण्णा दारात आडवे उभे. महिनाभर एकच वाक्य त्यांनी मनात घोळवलं होतं. चुकलं माझं, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. ओठ हललेही.

"प्रसेनजीत," ते म्हणाले, "तो कागद कुठल्या बाजूनं लावायचा, तेवढं एकदा परत सांग."

प्रसेनजीतनं त्यांच्याकडं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, यंत्राचं झाकण उघडलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागला. साडेपाचची गाडी गेली.