डाव्या पायाची लाल रेघ

फ्लाइंग क्लबच्या तपासनिसाने छोट्या विमानाच्या डाव्या चाकाच्या पायाला भिंग लावलं आणि कपाळाला हात लावला. पांढऱ्या पावडरीवर केसाएवढी लाल रेघ उमटली होती. पायाला लाल रंग फासायचा, वीस मिनिटं थांबायचं, फडक्याने पुसायचं आणि वर पावडर मारायची. धातूला तडा असला की आत मुरलेला रंग पावडरीवर वर येतो. बावीस वर्षं तो हेच करत होता. त्याने वहीत लिहिलं, 'उड्डाणास अयोग्य.'

क्लबचे सेक्रेटरी धावतच आले. आज त्यांची मुलगी पहिल्यांदा एकटीने विमान उडवणार होती आणि आत्या, मामा, मावश्या धरून सव्वीस नातेवाईक कुंपणाशी ताटकळत होते.

"तडा कसला? ओरखडा आहे तो!"

"ओरखडा असता तर त्यातला रंग पुसल्यावर गेला असता."

"तुमचे हात बघा आधी! कोपरापर्यंत लाल. तुमचंच बोट लागलं असणार."

तपासनिसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला आजवर लोक खडूस म्हणाले होते, तिरसट म्हणाले होते. पण बोट लागलं? "मग तुम्हीच करा. मी हातसुद्धा लावत नाही!" तो म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

सेक्रेटरींनी बाह्या सरसावल्या. पावडर पुसून नव्याने रंग फासला, वीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या. पुसायच्या वेळी मात्र फडकं भिरकावून क्लीनरचा आख्खा कॅन पायावर रिकामा केला. चिखलात लोळून आलेलं पोर धुवावं तसा पाय धुऊन काढला. मग पावडर मारली. रेघ नाही! कुंपणाशी टाळ्या झाल्या.

"झालं समाधान?"

"अहो, तड्यातला रंगच वाहून गेला! रेघ काय आभाळातून पडणार?"

"हरलात की कारणं सांगता!"

तपासनिसाने रागाने वहीच त्यांच्या पुढ्यात आपटली. "तपासणी तुमची, सही तुमची. लिहा, 'उड्डाणास योग्य'. उतरताना सगळा भार याच पायावर येतो, तेवढं मुलीला सांगून ठेवा."

सेक्रेटरींनी ऐटीत पेन उघडलं.

"करा ना बाबा पटकन!" मुलगी जवळ येत म्हणाली.

सेक्रेटरींनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या पायाकडे पाहिलं. त्यांनी पेन बंद केलं.

"आपण... दुसरं विमान घेऊ."

"घ्या की. सकाळीच तपासलंय मी. ठणठणीत आहे."

"परत तपासा."

"अहो, माझी सही आहे त्यावर!"

"सही तुमची असेल, मुलगी माझी आहे. दोन्ही पाय तपासा."

तडा आहे म्हटलं तरी विश्वास नाही, नाही म्हटलं तरी नाही! दातओठ खात तपासनीस दुसऱ्या विमानाखाली शिरला. त्याने रंग फासला, वीस मिनिटं घड्याळाकडे बघत काढली आणि मग फडकं उचललं. सेक्रेटरी लगबगीने शेजारी येऊन उकिडवे बसले.

"अलगद पुसा हं," ते म्हणाले. "नाहीतर रंग वाहून जातो."