अकरा सेकंदांचा टॉवेल

आमचे शेजारी शांतवनकाका दर रविवारी दुपारी टीव्हीवर टॉवेल टाकतात. अंघोळीचाच, निळ्या काठाचा. तीन तास सव्वीस मिनिटांचा एक जुना पिक्चर ते प्रत्येक रविवारी चर्चवरून आल्यावर लावतात. दोन तास दहा मिनिटं झाली की उठतात, चित्र थांबवतात आणि टीव्हीच्या वरच्या कडेला दोन चिमटे लावून टॉवेल सोडतात. टॉवेलखाली चार बोटं काच उघडी राहते. तिच्यावर स्टीलची फूटपट्टी लावून गुडघ्यावर बसतात, मोजतात, वहीत आकडा लिहितात. मग चित्र पुन्हा चालू करतात, अकरा सेकंद जाऊ देतात आणि टॉवेल काढून खांद्यावर टाकतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमची शिडी परत मागायला गेलो होतो. दार उघडंच होतं.

"या सर," काका गुडघ्यावरूनच म्हणाले. "जरा तिकडलं टोक धरा. हलवू नगा."

मी धरलं. मी शेवगावातल्याच एका शाळेत गणित शिकवतो, पट्टी दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. काकांनी आकडा वाचला, मला खात्री करायला लावली, लिहून घेतला. शिडीचा विषय राहूनच गेला. ती अजून त्यांच्याकडे आहे.

शांतवनकाका मोजणी खात्यातून भूमापक म्हणून रिटायर झाले. अकोले तालुक्याच्या डोंगरापासून शेवगावच्या काळ्या रानापर्यंत सगळा नगर जिल्हा त्यांनी पायी मोजला आहे. आता वय चौऱ्याहत्तर, राहतात एकटे, आणि मोजल्याशिवाय कुणाचं काही खरं मानत नाहीत. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असतो, "फीत लावली का?" भाजीवाली म्हणाली, भेंडी बोटभरच आहे, कोवळी आहे. "फीत लावली का?" एकदा पाद्रीसाहेबांनी उपदेशात सांगितलं की देवाच्या दयेला हद्द नाही. काका बाहेर चपला घालताना त्यांना म्हणाले, "फीत लावली का?" पाद्रीसाहेब हसले, पण पुढच्या रविवारी त्यांनी विषय बदलला.

हाच माणूस एक दिवस आपण होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुमची चार इंच जागा माझ्याकडं आलीय." आमच्या दोघांच्या मधली भिंत बांधणाऱ्यानं चुकवली होती. मी म्हटलं राहू द्या. त्यांना ते पटेना. शेवटी त्यांनी त्या चार इंचांत माझ्या नावानं गवती चहा लावला. त्याला पाणी ते घालतात, पण पात एकही तोडत नाहीत. आम्हाला हाक मारून तोडायला लावतात.

आता त्या पिक्चरबद्दल. नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण नाव काढलं की आमच्या कॉलनीत दोन तट पडतात. संस्थानिकाचा मुलगा, नावाड्याची मुलगी, मध्ये एक लढाई, एक दुष्काळ आणि दोन पूर. हिरो टेकडीवर उभा राहिला की वारा त्याच्यासाठीच थांबून राहिल्यासारखा सुटतो. माझी बायको वंदना हा पिक्चर लागला की कुकरच्या शिट्ट्या विसरते. तिचं म्हणणं, असं प्रेम आता कुणी करत नाही. माझं म्हणणं, नावाड्याच्या मुलीला नाव वल्हवता येत होती, पोहताही येत होतं, मग ती तीन तास वाट कुणाची बघत होती? हे मी एकदा मोठ्यानं बोललो आणि दोन दिवस मला अळणी आमटी खावी लागली. समोरचे मेडिकलवाले वंदनाच्या बाजूचे आहेत. त्यांची सून माझ्या बाजूची. तिनं पहिला पूर ओसरायच्या आतच मोबाईल काढला होता.

काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भंगार हाय. अकरा सेकंद सोडा, बाकी समदं भंगार."

"मग दर रविवारी अख्खा का बघता?" वंदना चिडली.

"अकरा सेकंदाला जायचा रस्ता भंगारातनंच जातो, ताई."

वंदनाला राग यायला आणखी एक कारण होतं. ते अकरा सेकंद बरोबर निरोपाच्या प्रसंगात येतात. नायिकेची नाव पाण्यात सुटते, काठावर सगळं गाव उभं आहे, कुणी बोलत नाही. बायका इथे हमखास रडतात. आणि काका तिथेच टॉवेल टाकतात. कॉलनीत कुजबूज सुरू झाली की त्या सीनमध्ये काहीतरी वावगं असणार. वंदनानं ती मोडून काढली. "ती बिचारी कानापर्यंत झाकलेली आहे," ती म्हणाली. "तिला आणखी काय झाकायचं?"

शेवटी एका रविवारी, पट्टीचं टोक धरून झाल्यावर, मीच विचारलं. काकांनी आधी आकडा लिहिला, शाई वाळू दिली आणि मग सांगितलं.

"तो सीन भंडारदऱ्याचा हाय, सर. धरनाच्या कडंला. मी तवा तेवीस वर्षांचा. नवी नोकरी, नवी बायको. मार्था तिचं नाव. हद्दीचे दगड रोवायचं काम हुतं. त्याच आठवड्यात ही पिक्चरची माणसं आली. त्यांना गर्दी पायजे हुती, म्हनून आसपासच्या बाया काठावर उभ्या केल्या. त्यात मार्था गेली. त्यांचा एक मानूस मला म्हनला, दगड काढा, राजाच्या काळात नंबराचा दगड कुठला? म्या म्हनलं, सरकारी निशानी हाय. राजा असू दे न्हाईतर डायरेक्टर असू दे, दगड हलायचा न्हाई."

म्हणजे त्या पिक्चरमध्ये, नावाड्याच्या मुलीला निरोप द्यायला, सगळ्या गावासोबत महाराष्ट्र शासनाचा एक दगड उभा आहे. पन्नास वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. मला हसू आलं. काकाही हसले.

"फुडच्या उन्हाळ्यात मार्था गेली. कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं. लग्नाचे फोटो काढले हुते, पन त्याचा रोल धुताना खराब झाला. म्हंजी तिचं जगात एवढंच हाय बघा. अकरा सेकंद."

काकांनी वही माझ्यापुढे सरकवली.

नगरला या पिक्चरची डिस्क मिळाली तेव्हा त्यांनी ती पहिल्यांदा घरी आणून लावली. मार्था पार मागे, दगडाच्याही पलीकडे, पाठमोरी उभी होती. सवयीनं त्यांनी दगडापासून तिच्या पावलापर्यंतचं अंतर मोजून ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा मोजलं तर आकडा जुळेना. आपली चूक समजून तिसऱ्या रविवारी मोजलं. तोही वेगळा आला. तेव्हापासून रविवार चुकला नव्हता. वहीची पानंच्या पानं आकड्यांनी भरली होती आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा केसभर पुढे होता. मार्था दगडाला वळसा घालून अलीकडे आली होती.

"टीव्ही बदलला असेल," मी म्हटलं.

"दोनदा बदलला. टीव्ही मोठा झाला की दगडबी मोठा होतो, सर. समदं दगडाच्या उंचीच्या पटीत धरलंय."

मी गणिताचा माणूस. मी तासभर ती वही तपासली. दुसऱ्याच्या हिशेबात चूक काढण्यात मला जो आनंद मिळतो तो मी लपवत नाही, पण त्या दिवशी मला एकही चूक मिळाली नाही. मग मी टॉवेलखालची काच नीट पाहिली. दगडाचा बुंधा, थोडं गवत, बायकांचे पाय. सगळ्या पायांची बोटं पाण्याकडे होती. सगळ्यांत अलीकडे दोन अनवाणी पाय होते, लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला. त्या पायांची बोटं आमच्याकडे होती.

भर दुपारी, रस्त्यावर भंगारवाला ओरडत असताना, माझ्या अंगावर काटा आला.

घरी येऊन मी वंदनाच्या मोबाईलवर तोच पिक्चर लावला, तोच प्रसंग काढला, थांबवला. दगड होता. दगडाच्या पलीकडे, पार मागे, एक पाठमोरी बाई नावेकडे बघत उभी होती. काकांच्या वहीच्या पहिल्या पानावर जिथे होती तिथेच. मी चित्र बोटांनी मोठं केलं, लहान केलं. ती हलली नाही. जे काय चाललं होतं ते फक्त काकांच्या घरात चाललं होतं. वंदनानं विचारलं काय झालं. मी म्हटलं, वेगळी प्रिंट असेल. तिनं विचारलं, कशापेक्षा वेगळी? मी फोन परत दिला आणि ताक प्यायलो.

पण पुढच्या रविवारी मीच आधी जाऊन बसलो. मग दर रविवारी. वंदनाला वाटलं, मला शेवटी पिक्चरची गोडी लागली. तिनं कौतुकानं माझ्याबरोबर चकल्या पाठवल्या. मला भीती वाटत होती आणि जाणं टाळवतही नव्हतं. टॉवेलबद्दल मात्र मी काकांना विचारलं नाही. मेलेल्या बायकोचं तोंड बघवत नसेल, असं मी समजून चाललो होतो.

परवाच्या रविवारी काकांनी भिंतीपलीकडून हाक मारली. गेलो तर गुळगुळीत दाढी केलेली, नाताळचा पांढरा शर्ट घातलेला. चित्र थांबवून टॉवेल आधीच सोडला होता. मी टॉवेलखालच्या काचेत पाहिलं. दगड होता, गवत होतं. अनवाणी पाय नव्हते.

"गेली?" मी विचारलं.

"न्हाई. जवळ आली. पाय खालच्या कडंच्या बाहेर गेलं, सर. आता पायावर मोजता येत न्हाई. वर बघावं लागंल." त्यांनी मला टॉवेलचं टोक दाखवलं. "तुमी काढा. आन् आधी तुमी बघा."

"काका, तुम्हाला बघवत नसेल तर राहू द्या ना. इतकी वर्षं झाकून ठेवलंत."

"मला बघवत न्हाई असं कोन म्हनलं?" काका खुर्चीत बसत म्हणाले. "तिचं तोंड मला पाठ हाय. टॉवेल माझ्यासाठी न्हाई, सर. तिच्यासाठी हाय. ती वळली, आन् हिकडं तोंड करून यायला लागली, तवापासनं टाकतो." त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. "तिनं मला तेविसाव्या वर्षी सोडलं. केस काळे हुते, दात हुते. ती तिकडनं त्या पोराला हुडकत येती, आन् हितं ह्यो म्हातारा बसलेला. परक्याचं घर वाटंल तिला. माघारी जाईल."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

ज्या माणसाला मी इतकी वर्षं विक्षिप्त समजून हसत आलो, तो एका बाईला आपण ओळखू येऊ की नाही या काळजीनं दर रविवारी टॉवेल टाकत होता. मला माझी लाज वाटली. मी चिमटे काढले.

वीस वर्षांची पोर असेल. सावळी, रुंद कपाळाची, उन्हानं डोळे बारीक केलेले. नावेचं, नायिकेचं काहीच दिसत नव्हतं, सगळी काच तिनंच भरली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या खांद्यावरून मागे, खुर्चीकडे बघत होती. चित्र थांबवलेलं होतं. कोपऱ्यात दोन उभ्या रेघांची खूण स्पष्ट दिसत होती. आणि ते थांबलेलं असतानाच तिचा हात वर आला.

"काय करती?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"पदर घेतला डोक्यावर," मी म्हटलं. "पुढे ओढला. आणि जरासं तोंड फिरवलं."

"कुनाकडनं फिरवलं?"

"माझ्याकडून."

हे मी बोललो आणि मग मला कळलं. नवऱ्याबरोबर घरात परका माणूस बसलेला दिसला, की आमच्याकडच्या बायका असाच पदर घ्यायच्या. माझी आईसुद्धा घ्यायची. त्या घरात परका होतो तो मी.

काकांनाही कळलं असावं. त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. मी टॉवेलची घडी घालत होतो आणि ती नीट पडत नव्हती. मग त्यांनी हातानं पांढरे केस मागे सारले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "सर, जाता जाता माठातलं तांब्याभर पानी देता का? सकाळपासनं उन्हात उभी हाय हो ती."

मी तांब्या भरून आणला, टीव्हीपुढे ठेवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.