एका पाण्यात साफ

मालकांच्या जावयाला रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्याला साबणपावडरीच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा प्रमुख केलं होतं. आल्या आल्या त्यानं फर्मान सोडलं: कारखान्यातली झाडून सगळी भांडी आपल्याच पावडरीनं धुवायची आणि एकदाच विसळायची. पुड्यावर छापलंयच ना, 'एका पाण्यात साफ'!

आज मालक स्वतः प्रयोग बघायला आले होते. मधेच पोट धरून 'आलोच' म्हणत बाहेर जाऊनही आले. हल्ली हे नेहमीचंच. डॉक्टर बदलून बदलून थकले होते. अर्धा चमचा पावडर पुरते असं सिद्ध झालं तर प्रयोग करणाऱ्या केमिस्टबाईंची नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता.

"साबणाचे कण आधी पाण्यात सुटे फिरतात," बाई सांगू लागल्या. "पुरेसे जमले की घोळके करतात. मळ उचलतात ते हे घोळके. हा रंग त्यांच्यात शिरला की या दिव्याखाली चमकतो. नुसत्या पाण्यात काही दिसत नाही."

त्यांनी पेल्यातल्या नुसत्या पाण्यात थेंबभर रंग टाकून दिवा लावला. पाणी झगझगलं.

"पावडर कधी टाकलीत?" मालकांनी विचारलं.

"नाही टाकली अजून."

"बघा पप्पा!" जावई उसळला. "न टाकताच काम करते!"

दुसरा पेला घेतला. तोही झगझगला. तिसऱ्याचीही तीच गत.

मालकांच्या कपाळावर आठी दिसताच जावयानं पलटी मारली. "बाई, साधं पाणी ओतता येत नाही तुम्हाला? उद्यापासून येऊ नका."

नोकरी गेलीच होती, आता भीड कसली! "पेले तुमच्याच हुकमानं धुतलेत," बाई कडाडल्या. "तुमची पावडर एका पाण्यात निघतच नाही!"

"काहीतरीच! पुरावा काय?"

मालकांच्या चहाचा धुतलेला कप ट्रेमध्ये पालथा होता. बाईंनी त्यात पाणी ओतलं, रंग टाकला, दिवा धरला. कप लग्नमंडपासारखा उजळला.

मालकांचा हात पोटावर गेला. "जावईबापू, हे धुण्याचं फर्मान कधीपासून?"

"मी आल्यापासून, पप्पा."

"माझं पोटही तेव्हापासूनच."

बाईंची नोकरी पक्की झाली. आता रोज सकाळी मालकांचा कप तपासायचा. तो जावई धुतो, दुसऱ्या कंपनीच्या साबणानं.

"आणि पुड्यावरचं ते 'एका पाण्यात साफ'?" बाईंनी पहिल्या दिवशी विचारून पाहिलं.

"राहू द्या की! गिऱ्हाईक काय माझ्या कपातून चहा पितं?"

बाईंनी मान डोलावली. नोकरी पक्की होती.