खैरनार अण्णांचं आवर्तन

खैरनार अण्णांच्या घरी गेलं की आधी त्यांचे तळवे भेटत, अण्णा नंतर. सतरंजीवर उताणे, बूड भिंतीला टेकलेलं, दोन्ही पाय भिंतीवर सरळ वर आणि हातात पेपर. या आसनाला विपरीत करणी म्हणतात, हे इंदिरानगरातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ झालं होतं. न विचारता सांगण्याची अण्णांना हौसच तेवढी होती.

अण्णा मूळचे नामपूरचे, घरात नवरा-बायको अहिराणीच बोलत. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कोणाच्या शेताला पाटाचं पाणी किती वेळ सोडायचं, हे ठरवण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर सरकारने कालवा काढून घेतला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या रक्ताभिसरणाचा चार्ज घेतला.

"पाणी उताराला पळतं की नाही? रक्तही तसंच. दिवसभर पायात तुंबतं. पाय वर केले की आपसूक माघारी येतं!"

कालव्याला पाणी सोडतात त्याला खात्यात आवर्तन म्हणतात. अण्णा पाय वर करण्याच्या पाव तासालाही आवर्तनच म्हणत. दूधवाला दारात आला की आतून आवाज यायचा, "आवर्तन सुटलंय! पातेलं तिथेच आहे, ओता!" दूधवालाही बिचारा तळव्यांना नमस्कार करून जायचा.

बिल्डिंगमध्ये कोणाचं काहीही दुखो, अण्णांचा इलाज एकच. तळमजल्यावरच्या जोशीबाईंची दाढ ठणकत होती, "पाय वर करा." माझी येवल्याला बदली झाली, तेव्हाही सांत्वन म्हणून, "पाय वर करा." मी एसटीत कसे करणार होतो, ते त्यांनाच ठाऊक.

आमच्याकडे प्रात्यक्षिकाला आले ते तळपायांना खोबरेल चोपडून. नव्याकोऱ्या डिस्टेंपरवर दोन टाचा उमटल्या. "लोकांच्या घरात लक्ष्मीची पावलं उमटतात," बायको म्हणाली, "आपल्या नशिबी ही."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा पाण्याच्या टाकीवरून हमरीतुमरी चालली होती. अण्णांनी सरळ चेअरमनना आडवं केलं आणि त्यांचे पाय भिंतीला लावून दिले. चेअरमन घोरायला लागले. एकही ठराव झाला नाही, पण कोणी कोणाची लायकीही काढली नाही. सोसायटीच्या स्थापनेपासून हे प्रथमच घडलं होतं.

बायकांवर तर अण्णांचा विशेष रोख. त्यांच्या घरी भिशी असली की ते भर चिवड्यात भाषण ठोकत. कोणी घरी करून पाहिलं असेल तर तिला शांताकाकूंसमोर उभी करत. शांताकाकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. "सांगा, सांगा हिला, बरं वाटलं की नाही?" काकू तोंडाला पदर लावून म्हणत, "काहीतरीच बाई!" आणि चहा टाकायला पळत. या माणसाला बायकोपुढे मिरवायची केवढी हौस, असं आम्ही म्हणायचो.

मग एका सकाळी अण्णा चक्क दोन पायांवर उभे असे आमच्या दारात आले.

"तुमचे देव जरा सरकवता का?"

"कुठे?"

"समोरच्या भिंतीला. तुमचं देवघर आणि आमचा हॉल, मधे भिंत एकच आहे ना. आमचे पाय तुमच्या देवांच्या पाठीला लागतात."

"अण्णा, इतकी वर्षं लागतायत. आमच्या देवांनी कधी तक्रार केली नाही. आत्ता बरी आठवण झाली?"

"नाही, म्हणजे..."

"बाकीच्या भिंती काय भाड्याने दिल्या?"

"दक्षिणेला पाय नकोत, तिकडे यम. दुसऱ्या भिंतीवर आईवडिलांचे फोटो. खिडकीपाशी रस्त्यावरून दिसतं."

"तुम्हाला रस्त्याची लाज कधीपासून वाटायला लागली?"

अण्णांनी आवाज खाली आणला. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच. म्हणाले, "मला नाही हो. हिला."

डॉक्टरांनी काकूंना कधीचं सांगून ठेवलं होतं, रोज थोडा वेळ पाय वर ठेवत जा. संध्याकाळपर्यंत पाय इतके सुजायचे की चपलेत जात नसत. "पण बाईमाणसाने पाय वर करून पडायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. म्हटलं, आधी आपण करू. मग बिल्डिंगला करायला लावू. सगळेच करायला लागले की हिची भीड चेपेल. काल कशीबशी तयार झाली. सतरंजी घातली, उशी दिली. पाय उचलणार तेवढ्यात उठून बसली. 'तठे देव शेतस ना! देवले पाय लावू का?'"

मी अण्णांना दारातून आत घेतलं.

बायको आतून ऐकत होती. ती देवघराशी गेली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, सगळे ताम्हनात घेतले आणि स्वयंपाकघरात धान्याच्या डब्यांशेजारी पाटावर मांडले. "काकूंना सांगा," ती म्हणाली, "देवांनी जागा बदलली."

दुपारी तिने काकूंसाठी शिरा दिला, तो घेऊन मी गेलो. दार लोटलेलं होतं. काकू सतरंजीवर पडल्या होत्या, डोळे घट्ट मिटून, पाय भिंतीवर. अण्णा माझ्याकडे पाठ करून भिंतीला खेटून गुडघ्यांवर बसले होते. लुगड्याचा घेर त्यांनी काकूंच्या घोट्यांपाशी दोन्ही मुठींत घट्ट गोळा करून धरला होता. मी शिऱ्याची वाटी टेबलावर ठेवली, ती वाजली.

"कोण आहे ते नंतर या," अण्णा मागे न बघता म्हणाले. "मला हात सोडता येत नाही."

"लुगडं धरेल शे ना?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"शे, शे," अण्णा म्हणाले. "तू पड."