शंभरचा बल्ब

सुर्वे कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी भिंतीची चौकशी करत. आमच्या सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा दारातून सरळ पश्चिमेच्या भिंतीकडे गेले आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तिला उलटा हात लावून पाहिला. म्हणाले, "संध्याकाळी फार त्रास होत असेल."

"होतो ना," माझी बायको कळवळून म्हणाली. "दोन्ही गुडघे."

सुर्व्यांनी तिच्याकडे पाहिलं. मध्येच कुणी माणूस बोलला की ते असेच बघत.

ते आमच्या डोक्यावर, शेवटच्या मजल्यावर एकटेच राहत. मोठ्या इमारतींना किती एसी लागेल याचा हिशेब करणाऱ्या बेलापूरच्या एका कंपनीत नोकरीला होते. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं, तर "लोड वाढतो" एवढंच सांगत.

त्या काळी अख्ख्या सोसायटीत एकच कॉम्प्युटर होता आणि तो सुर्व्यांकडे होता. लोकांना वाटे, त्यावर पोरांना गेम खेळायला मिळतील. सुर्वे त्यात आमची बिल्डिंग भरत होते. भिंतींची जाडी, खिडक्या, गच्ची, पंखे आणि कुठल्या खोलीत कोण कधी असतं ते. एवढं भरलं की ते यंत्र वर्षभराचं ऊन त्या बिल्डिंगवर पाडणार आणि कुठल्या खोलीत कधी किती उकडेल ते सांगणार. याला ते मॉडेल म्हणत.

"उकडतं हे आम्हांला मशीनशिवायही कळतं," मी एकदा म्हणालो.

"तुम्हांला फक्त उकडतं," सुर्वे म्हणाले. "कळत काही नाही."

या भरतीसाठी ते घरोघर फिरले. स्वयंपाक किती वाजता, इस्त्री कधी, दुपारी झोपतं कोण. तळमजल्यावरच्या मुकादमभाभींनी त्यांना दारातच सुनावलं, "सुर्वेभाई, असं एका दिवसाचं विचारून काय होनार? रमजानमदी माझा गॅस पहाटेपास्नं चालू असतो. ते लिवलं का?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. सुर्व्यांचा चेहरा पडला. घरी जाऊन त्यांनी भाभींच्या किचनला रमजानचं वेगळं वेळापत्रक लावलं आणि पुन्हा खाली येऊन सांगून गेले, "धरलंय."

हा त्यांचा लाडका शब्द. देवघरातली समई, मोतीबिंदूमुळे दिवसाही दिवा लावणारे आजोबा, काहीही काढा, "ते धरलंय."

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसे. घरी त्या वेळी बायकोची मालिका असे आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे याची तिथे कुणी दखल घेत नसे. सुर्व्यांच्या हॉलमधली वेताची खुर्ची माझी ठरलेली. तिथे बसून मी त्यांच्या विज्ञानाची टवाळी करायचो आणि त्यांचा चहा प्यायचो.

"मी इथे बसल्यानं तुमच्या मॉडेलला काही फरक पडतो का हो?"

"पडतो. बसलेला माणूस म्हणजे साधारण शंभरचा बल्ब."

"म्हणजे माझा उजेड पडतो म्हणा की."

"उजेड नाही. नुसती उष्णता."

माझं इतकं अचूक मूल्यमापन तोवर कुणी केलं नव्हतं. बायकोलाही ते फार आवडलं.

या सगळ्याच्या शेवटी सुर्व्यांचं म्हणणं एकच होतं. गच्चीला पांढरा चुना मारा, वरचे मजले निवतील. खालच्या मजल्यांना वरच्यांच्या उकाड्याशी देणंघेणं नव्हतं. मी सेक्रेटरीच्या खुर्चीला शोभेल असा निवाडा दिला. सुर्व्यांच्याच हॉलमध्ये थर्मामीटर टांगायचा. त्याचा आकडा मॉडेलच्या आकड्याशी जुळला, तर रविवारच्या मीटिंगमध्ये चुन्याचा ठराव मी स्वतः मांडणार. सुर्व्यांनी लगेच खिळा ठोकला.

नेमका त्याच सुमारास आमच्या ऑफिसनं मोडीत काढलेला एक एसी मी घरी आणला. ट्रक चढावर चढावा तसा तो आवाज करी, पण गार करी. त्याच्यासमोर बसलं की मालिकासुद्धा सोसवू लागली. माझं वर जाणं थांबलं. निवाडा करणाऱ्यानं दोन्ही पक्षांपासून लांब असावं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरा पक्ष माझ्या हॉलमध्ये घरघरत होता.

शनिवारी संध्याकाळी निकाल ऐकायला वर गेलो. सुर्वे स्क्रीनसमोर बसले होते.

"जुळत नाही," ते म्हणाले. "दिवसभर जुळतं. संध्याकाळी मॉडेल गरम दाखवतं आणि हॉल तेवढा गरम नसतो."

मला मनातून बरं वाटलं. ते लपवून मी जाणत्या आवाजात म्हणालो, "काहीतरी जास्त धरलं गेलं असेल."

मी वाकून पाहिलं. हॉल, संध्याकाळ, माणसं दोन.

"ही दोन कोण?"

"एक मी." त्यांनी सरळच असलेला कीबोर्ड आणखी सरळ केला. दुसरं कोण म्हणून मी खोलीत पाहू लागलो. सेक्रेटरीला गोष्टी उशिरा कळतात.

"दुसरे तुम्ही."

"मग काढा की मला."

"काढून पाहिलं. जुळतं."

"मग झालं तर. उद्या तेच दाखवा, ठराव पास."

"हे वर्षभराचं मॉडेल आहे, सेक्रेटरी," ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले. "एकदा काढलं की वर्षभराच्या सगळ्या संध्याकाळींतून निघता तुम्ही."

एरवी मला यावर काहीतरी टोचणारं सुचलं असतं. मी खुर्चीकडे पाहिलं. घरभर कागद पसरले होते, त्या खुर्चीवर एकही नव्हता. मी बसलो. थोड्याच वेळात पाठीला घाम फुटला. सुर्व्यांनी चोरून थर्मामीटरकडे पाहिलं आणि उठले.

"चहा टाकतो."

"नको," मी म्हणालो. "गॅसनं तुमचा आकडा आणखी बिघडेल."

"धरलाय तो," ते आतून म्हणाले. "दोन कपांचा."